हाडांची राख आणि पिवळे स्फटिक

मुंबईत प्रभादेवीच्या वीर सावरकर मार्गावरून रोज ये-जा करणाऱ्यांना ‘बेंगॉल केमिकल’ हे नाव तोंडपाठ असतं. पत्ता सांगायचा तर या नावाची खूण सांगितली की भागतं. नाव बंगालचं आणि जागा प्रभादेवीची, हे कसं काय, असा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. या कंपनीचा मुंबईतला कारखाना १९३८ मध्ये सुरू झाला. मूळ गोष्ट त्याच्याही जवळजवळ पन्नास वर्षं आधीची, कोलकात्यातल्या एका भाड्याच्या घराच्या गच्चीवरची. त्या गच्चीवर पापड-कुरडया नव्हत्या, वाळत घातली होती जनावरांची हाडं. खाटिकखान्यातून पोत्यांनी आणलेली.

आणणारा माणूस होता प्रेसिडेन्सी कॉलेजातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक. एडिनबरा विद्यापीठाचा डॉक्टर ऑफ सायन्स. नाव प्रफुल्लचंद्र राय. पुढे सगळा देश त्यांना आचार्य म्हणू लागला, पण त्या दिवसांत शेजारीपाजारी त्यांना काय म्हणत असतील याची कल्पनाच केलेली बरी.

प्रफुल्लचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा, आज बांगलादेशात असलेल्या खुलना भागातल्या राडुली गावचा. वडील हरिश्चंद्र जमीनदार होते, पण वाचनवेडे. घरात मोठा पुस्तकसंग्रह. मुलांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी बिऱ्हाड कोलकात्याला हलवलं. प्रफुल्ल हेअर स्कूलमध्ये जाऊ लागला आणि १८७४ च्या सुमारास त्याला आमांशाने असं काही गाठलं की शाळाच सुटली. जवळजवळ दोन वर्षं तो घरी होता. त्या आजाराने पोट कायमचं बिघडवलं. निद्रानाशही लागला तो जन्मभर. मात्र या दोन वर्षांत पोराने वडिलांच्या कपाटातली पुस्तकं अक्षरशः फस्त केली. छापखान्यात काम करता करता वैज्ञानिक झालेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं चरित्र त्याला फार आवडायचं.

पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असताना प्रफुल्ल प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकायला जायचा. पेडलर वर्गात प्रयोग करून दाखवत. झालं, इतिहास आणि साहित्याची आवड असलेला हा मुलगा रसायनाकडे ओढला गेला. सगळ्या देशातून मोजक्याच मुलांना मिळणारी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती त्याने १८८२ मध्ये पटकावली आणि एडिनबरा गाठलं. तिथे क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली काम करून १८८७ मध्ये डी.एस्सी. मिळवली. विषय होता धातूंचे जोडसल्फेट. मोरचुद, हिराकस यांच्या कुळातली संयुगं म्हणा ना. खनिजांशी दोस्ती झाली ती तिथे.

परत आल्यावर काय? तर बेकारी. १८८८ मध्ये मायदेशी परतलेल्या या डॉक्टरसाहेबांना जवळजवळ वर्षभर नोकरी नव्हती. त्या काळात ते राहिले मित्राकडे, म्हणजे जगदीशचंद्र बोसांकडे. (असे मित्र असले की बेकारीही सुसह्य होत असावी.) अखेर १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात जागा मिळाली, तीही तात्पुरती, महिना अडीचशे रुपयांवर. वरच्या पदांवर इंग्रज बसलेले. त्याच पात्रतेच्या इंग्रजाला यापेक्षा कितीतरी जास्त मिळायचं. राय तक्रार घेऊन शिक्षण खात्याच्या वरिष्ठ साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकवलं की ही नोकरी घ्याच अशी कुणी सक्ती केलेली नाही, रसायनाचं एवढं ज्ञान आहे तर दुसरं काहीतरी करा की. बोलणं टोचणारं होतं. पण रायांनी ते खरंच मनावर घेतलं.

त्या वेळचं चित्र असं होतं. बिहारातला सोरा जहाजात भरून परदेशी जायचा. गावोगावची हाडं गोळा होऊन खतासाठी युरोपात जायची. आणि तिकडून काय यायचं? बाटल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली बहुतेक औषधं ब्रिटिश फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत ग्रंथाप्रमाणे बनलेली आणि साहेबाच्या देशातून आलेली असत. त्या काळच्या औषधांत खनिजांचा वाटा मोठा होता, हे आज आपल्या लक्षात येत नाही. रक्त कमी झालं की लोहाचे क्षार, पोटासाठी बिस्मथ आणि सोडियम फॉस्फेट, जुलाबासाठी पाऱ्याचं कॅलोमेल, अगदी सोमलाचाही पातळ द्राव थेंबाथेंबाने दिला जायचा. यातलं काहीही बनवायला हिमालय ओलांडायची गरज नव्हती. कच्चा माल पायाशी पडलेला. नव्हती ती फक्त रसायनशाळेतली रीत बाजारात आणण्याची हिंमत, आणि हात घाण करून घ्यायची तयारी.

म्हणून ती हाडं!

रायांना बनवायचं होतं सोडियम फॉस्फेट. सौम्य रेचक म्हणून त्याला मागणी होती. हाड जाळलं की मांस, चरबी, सरस सगळं जळून जातं आणि पांढरी राख उरते. ती बहुतांशी कॅल्शियम फॉस्फेट. तिच्यावर सल्फ्युरिक अॅसिड टाकलं की कॅल्शियम जिप्समच्या रूपात वेगळा होऊन तळाशी बसतो आणि फॉस्फेट द्रावात राहतं. द्राव गाळायचा, त्यात सोडा मिसळायचा आणि आटवून स्फटिक पाडायचे. कागदावर चार ओळींचं काम. पण आधी हाडं वाळायला तर हवीत! ९१, अप्पर सर्क्युलर रोड या घराच्या गच्चीवर ती पसरली होती. महिना जानेवारीचा, तेव्हा कोलकात्यात पाऊस नसतो. त्या वर्षी नेमका झाला. हाडांना चिकटलेलं मांस सडलं, किडे पडले, वास सुटला. कावळ्यांची तर चंगळ झाली. ते हाडं उचलून शेजारच्या अंगणांत टाकू लागले. शेजार होता सोवळंओवळं पाळणारा. त्यांनी दारात येऊन सांगितलं की हे इथून हलवा, नाहीतर आरोग्य खात्याकडे तक्रार जाईल.

राय हाडं घेऊन गावाबाहेर माणिकतल्याकडे गेले. तिथे मोकळ्या जागेत ढीग रचून रात्री पेटवला. आता हाडं जळतानाचा वास आणि अपरात्री एवढा जाळ, म्हटल्यावर पोलीस हजर. त्यांना वाटलं कुणाचा तरी खून करून प्रेत जाळताहेत. त्यांची खात्री पटवायला रायांना बरीच रदबदली करावी लागली.

याच राखेची पुढची गोष्ट मला जास्त आवडते. वर्गात शिकवताना राय ही राख विद्यार्थ्यांसमोर चिमूटभर तोंडात टाकायचे आणि चावून दाखवायचे. मग विचारायचे की हे हाड कुठल्या जनावराचं होतं, सांगा. बैलाचं, घोड्याचं की आणखी कशाचं? जळून गेल्यावर उरलं ते शुद्ध कॅल्शियम फॉस्फेट, त्याला जात नाही. १८९० च्या दशकात, उच्चवर्णीय हिंदू मुलांनी भरलेल्या वर्गात हे करणं सोपं नव्हतं बरं का. आज आपण हसून सोडून देऊ, पण त्या वर्गातली काही पोरं घरी जाऊन नक्की हात-पाय धुवून आत गेली असतील.

सात-आठशे रुपयांची शिल्लक घालून १८९२ मध्ये त्याच घरात बंगाल केमिकल सुरू झाली. कारखाना म्हणजे काय, तर राहत्या घरातल्या दोन-चार खोल्या, मातीची मडकी, भट्ट्या, बाटल्या. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी औषधं. मोडीतलं लोखंड अॅसिडमध्ये घालून हिराकस काढला. लोह आणि आयोडीन एकत्र करून सिरप बनवलं. लिंबांपासून सायट्रिक अॅसिड काढायचाही प्रयत्न झाला, पण लिंबांच्या भावाने तो बेत बुडवला. सगळ्याच्या मुळाशी सल्फ्युरिक अॅसिड. ते स्वस्तात आणि चांगलं मिळेना, तेव्हा शहराच्या आसपासचे अॅसिडचे छोटे छोटे कारखाने राय पालथे घालू लागले.

माल बनला, पण घेणार कोण? दुकानदार बाटली उलटसुलट करून बघत आणि परत करत. औषध चांगलं असेलही, पण देशी लेबल लावून विकलं जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. (तुमच्यापैकी ज्यांनी कधी काही विकायचा प्रयत्न केलाय त्यांना हा चेहरा ओळखता येईल.) अशा वेळी मदतीला आले डॉ. अमूल्यचरण बोस. स्वतः डॉक्टर, बोलघेवडे, शहरातल्या डॉक्टरांत ऊठबस असलेले. त्यांनी राधागोविंद कर, नीलरतन सरकार अशा नामवंत डॉक्टरांना ही औषधं लिहून द्यायला लावली. चिठ्ठीवर नाव आलं की दुकानदार मुकाट्याने माल ठेवणार, हा साधा हिशोब. खनिज औषधांच्या जोडीला ओव्याचा अर्क, अडुळशाचं सिरप अशी देशी वनस्पतींची औषधंही अमूल्यचरणांमुळेच आली. पुढे कोलकात्यात वैद्यकीय परिषद भरली, तिथे या लोकांनी आपला माल मांडला आणि बाहेरगावच्या डॉक्टरांनाही तो माहीत झाला.

अमूल्यचरणांचे मेहुणे सतीशचंद्र सिंह हे रसायनशास्त्राचे एम.ए. तेही सगळं सोडून या कामात आले. एक दिवस प्रयोगशाळेत अपघाताने हायड्रोसायनिक अॅसिड पोटात जाऊन सतीशचंद्र गेले. आणि १८९८ मध्ये, मुंबई-पुण्याला पिळून काढलेला प्लेग कोलकात्यात पोचला, तेव्हा प्लेगच्या रुग्णावर उपचार करता करता अमूल्यचरणही गेले. सतीशचंद्रांच्या वेळी जी बहीण, जी पत्नी रडली, तीच घरं पुन्हा रडली. औषधं बनवणाऱ्या या छोट्या कंपनीची दोन खांबं औषधांच्या वाटेवरच कोसळली. सगळा भार रायांवर आला. तब्येत तोळामासा, कॉलेज चालूच. कंपनी बंद केली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. ती बंद झाली नाही. १९०१ मध्ये ती मर्यादित कंपनी झाली, १९०५ मध्ये माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला. मधल्या काळात राजशेखर बोस नावाचा तरुण रसायनज्ञ तिथे नोकरीला लागला. तो पुढे ‘परशुराम’ या नावाने बंगालीतला गाजलेला विनोदी लेखक झाला, पण ती वेगळी गोष्ट.

याच धामधुमीत रायांच्या हातून त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध लागला, तोही औषधाच्याच वाटेवर. १८९५ ची गोष्ट. कॅलोमेल बनवायचं तर आधी पाऱ्याचं नायट्रेट हवं. त्यासाठी त्यांनी पाऱ्यावर पातळ केलेलं नायट्रिक अॅसिड ओतलं आणि तापवायच्या भानगडीत न पडता थंडच ठेवलं. तासाभराने बघतात तर पाऱ्यावर पिवळे स्फटिक. आधी वाटलं दुसराच कुठलातरी क्षार असेल. तपासल्यावर कळलं की हा पाऱ्याचा नायट्राइट, मर्क्युरस नायट्राइट. पाऱ्याचं हे रूप अस्थिर आहे आणि नायट्राइट स्वतःच चटकन बिघडणारा. दोन डळमळीत भिडू एकत्र येऊन घट्ट स्फटिक बनवतील, अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पुढल्याच वर्षी हा निबंध छापून आला, परदेशातल्या ‘नेचर’नेही दखल घेतली. हवं होतं औषध, मिळालं रसायनशास्त्रातलं नवं दालन. पुढची कितीतरी वर्षं राय आणि त्यांचे विद्यार्थी नायट्राइटांवर काम करत राहिले.

आता पारा म्हटला की आपल्याकडे आजीची पेटी आठवते. सूतशेखर तर घराघरात असायचा. त्यातला ‘सूत’ म्हणजे पाराच. आणि माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की हेमगर्भाची मात्रा उगाळायची. तिच्यातही धातू. ही सगळी रसशास्त्राची देणगी. रायांना या जुन्या विद्येबद्दल कुतूहल होतंच. त्याला धक्का दिला पॅरिसच्या मार्सेलाँ बर्थेलो यांनी. हे मोठे रसायनज्ञ जगभरच्या किमयेचा इतिहास लिहीत होते. भारतात याबद्दल काय लिहिलं गेलंय, अशी त्यांनी पत्रातून रायांकडे विचारणा केली. रायांनी ‘रसेन्द्रसारसंग्रह’ या ग्रंथावर टिपण लिहून पाठवलं. बर्थेलोंनी ते छापील दखल घेण्याइतकं महत्त्वाचं मानलं आणि स्वतःचे जाडजूड खंड भेट पाठवले. ते वाचून रायांना वाटलं, हे आपल्याकडचंही लिहायला हवं.

मग सुरू झाली हस्तलिखितांची शोधाशोध. काश्मीरपासून तंजावरपर्यंतच्या ग्रंथालयांतून पोथ्यांच्या प्रती मागवल्या, एका पंडितांना सोबत घेऊन त्या वाचल्या. ‘रसार्णव’, ‘रसरत्नसमुच्चय’ यांसारख्या ग्रंथांत रायांना मंत्रतंत्राच्या जोडीला खरी प्रयोगशाळा दिसली. धातू वितळवायच्या मुशी कशा करायच्या, पाऱ्याची वाफ करून तो पुन्हा कसा धरायचा, प्रयोगाची जागा कुठे असावी, इथपर्यंत सगळं. तांब्याची ज्योत निळी दिसते, हे निरीक्षणही. पारा आणि गंधक एकत्र खलून होणारी काळी कज्जली, ती तापवून उडवली की मिळणारा लाल मकरध्वज, हे दोन्ही रसायनाच्या भाषेत पाऱ्याचे सल्फाइड, असं त्यांनी उलगडून सांगितलं. ‘हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’चा पहिला खंड १९०२ मध्ये आला, दुसरा १९०९ मध्ये.

हा ग्रंथ म्हणजे ‘आपल्याकडे सगळं होतंच’ छापाचा नाही. तसा तो असता तर एव्हाना व्हॉट्सअॅपवर फिरला असता आणि विसरलाही गेला असता. जिथे पोथीत भाकडकथा आहेत तिथे राय तसं म्हणतात. आणि एक प्रश्न ते सरळ विचारतात. एवढं करणारे लोक नंतर थांबले का? त्यांचं उत्तर तेव्हाही अनेकांना झोंबलं. जातींची बंधनं घट्ट झाली, शिकलेल्यांनी हाताने काम करणं कमीपणाचं मानलं. भट्टी, धातू, प्रेत, कातडं हे सगळं ज्यांच्या वाट्याला गेलं त्यांना पोथी वाचू दिली नाही, आणि पोथी वाचणाऱ्यांनी भट्टीला हात लावला नाही. कारण आणि परिणाम शोधायची सवय सुटली ती तिथे. हे लिहिणारा माणूस गच्चीवर हाडं वाळवून, राख चावून बसलेला होता, म्हणून त्याच्या लिहिण्याला वजन. आजही काही जण भस्म म्हटलं की डोळे झाकून गिळतात आणि काही जण ऐकताच नाक मुरडतात. रायांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पुडी उघडून आत काय आहे ते तपासलं. (पाऱ्याची औषधं मनाने घेऊ नका, हे मात्र इथे सांगून ठेवतो. कॅलोमेलही डॉक्टरांनी सोडून दिलंय ते उगाच नाही.)

मराठी माणसाचा या गोष्टीशी एक धागा आहे. गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळाच्या कामासाठी कोलकात्यात राहायचे, तेव्हा राय त्यांचे शेजारी. १९०२ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतून आलेले एक तरुण बॅरिस्टर गोखल्यांकडे महिनाभर मुक्कामाला होते. गोखल्यांनी त्यांची रायांशी ओळख करून दिली ती अशी की, या प्राध्यापकांचा पगार आठशे रुपये, स्वतःला ते ठेवतात चाळीस, बाकीचे लोकांच्या कामाला जातात. त्या बॅरिस्टरांनी, म्हणजे गांधीजींनी, हे आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवलंय. आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कहाणी सांगणारं गांधीजींचं कोलकात्यातलं व्याख्यान जमवून आणण्यात रायांनी पुढाकार घेतला होता.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून बाहेर पडल्यावर राय कोलकाता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात गेले आणि तिथलेच होऊन राहिले. लग्न केलं नव्हतं. कॉलेजच्याच इमारतीत एक खोली, साधी खाट, पुस्तकं, आणि सोबत राहणारे गरीब विद्यार्थी. १९२२ मध्ये उत्तर बंगालात पूर आला तेव्हा हेच किडकिडीत प्राध्यापक मदतीचं काम उभं करायला पुढे आले. साठी उलटल्यावर विद्यापीठाचा पगार त्यांनी विद्यापीठालाच देऊन टाकला. रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी दहा हजार रुपयांची देणगी देऊन पारितोषिक ठेवलं, तेव्हा त्याला स्वतःचं नाव दिलं नाही, वडिलांचंही नाही. नाव दिलं नागार्जुनाचं, पाऱ्याला वश करणारा म्हणून पोथ्यांनी ज्याचे गोडवे गायले त्या रसाचार्याचं.

१६ जून १९४४ रोजी प्रफुल्लचंद्र गेले, सायन्स कॉलेजातल्या त्याच खोलीत. ज्या घराच्या गच्चीवर कावळ्यांनी धुमाकूळ घातला होता त्याच्या शेजारीच ही इमारत, ९२, अप्पर सर्क्युलर रोड. त्या रस्त्याला आता त्यांचं नाव आहे.